कट्यारीवर किती खर्चावे?

१/ जुन्या शस्त्रांचा छंद जडलेल्या तरुणाला लवकरच एक प्रश्न गाठतो. मिळकतीतला किती वाटा एका कट्यारीवर खर्चावा? उत्तर शोधताना पुण्यातील एका चष्मेविक्रेत्याची आठवण होते.

२/ दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). व्यवसाय चष्म्यांचा, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता, आणि १९२०च्या सुमारास सुरू झालेला संग्रह. त्यात शस्त्रे आली, तसे अडकित्तेही आले.

३/ अडकित्ता हेही एक पातेच. रणातले नव्हे, पानसुपारीच्या तबकातले. घरोघरी असल्यामुळे त्याचे अप्रूप कोणाला नव्हते. त्याच्या घोड्या-पक्ष्यांच्या आकारांत केळकरांना कारागिराचा हात दिसला. मोल आधी नजरेने ठरले, पैशाने नंतर.

४/ कट्यारीचेही तसेच. खऱ्या कोफ्तगरीत पोलादावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. वरवरचा मुलामा निराळा. हा भेद ज्याला कळत नाही, तो कितीही थोडे मोजो, महागच घेतो.

५/ उलट, अज्ञानाने चांगली वस्तूही हातची जाते. दक्षिणेत १७व्या-१८व्या शतकांतील कित्येक कट्यारींना युरोपीय तलवारींची पाती कापून बसवलेली आढळतात. नवख्याला ती ‘जोडकाम’ वाटते. जाणत्याला त्यात सागरी व्यापाराचा इतिहास दिसतो.

६/ कायद्याचेही भान हवे. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. तिच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परवाना विचारताच विक्रेता विषय बदलू लागला, तर पाकीट खिशातच राहिलेले बरे.

७/ म्हणून हौसेचा पहिला खर्च संग्रहालयाच्या तिकिटावर आणि पुस्तकांवर व्हावा. त्यानंतर, घरखर्च बाजूला काढून, बाजारात पाऊल टाकण्यापूर्वीच आकडा ठरवावा. वस्तू हाती आल्यावर ठरवलेला आकडा हा आकडा नसतो, मोह असतो.

८/ केळकरांचा मुलगा राजा बालपणीच गेला. पुढे सुमारे वीस हजार वस्तूंचा झालेला तो संग्रह त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि अखेर राज्य शासनाच्या, म्हणजे लोकांच्या, स्वाधीन झाला. संग्राहक वस्तूचा मालक थोडाच काळ असतो. किंमत देताना त्याने एवढेच विचारावे: ही वस्तू पुढच्याच्या हाती सोपवताना तिच्याविषयी सांगण्याजोगे आपल्यापाशी काही असेल का?