शेपटीचा काय भरवसा

रोहूच्या कल्ल्याचं झाकण उचललं की कधी कधी तांबड्या तंतूंवर पांढुरके कण दिसतात. एक कण काचपट्टीवर फोडला की बीजाणूंची झुंबड. एकेकाची लांबी जेमतेम दहा मायक्रॉन, टोकाशी दोन कुप्या, कुपीत गुंडाळलेला धागा. हे मिक्सोझोआ, माशांतले परजीवी. ते ओळखायला मी शिकलो ते मायक्रोस्कोपच्या मोजपट्टीवर: कवचाला शेपट्या असल्या तर हेनेगुया, नसल्या तर मिक्सोबोलस.

पुढे १८एस जनुकाचे क्रम जुळवून वंशवृक्ष काढू लागलो, तर शेपटीवाले एका फांदीवर येईनात. मिक्सोबोलसांच्या गर्दीत ते जागोजागी विखुरलेले. म्हणजे शेपटी एकदाच उगवलेली नाही. शेजारी बसले ते पुष्कळदा एकाच कुळातल्या माशांत, एकाच प्रकारच्या ऊतीत राहणारे. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘कल्ला’ लिहिलेला नमुना मी घेत नाही. कल्ल्यात कुठे? कूर्चेत, रक्तवाहिनीत, की पातळ पापुद्र्यात? विद्यार्थी कुरकुरतात. कुरकुरू देत.

रूपाने याहून मोठा चकवा दिला आहे. ट्राउट माशांना गरगर फिरवणाऱ्या मिक्सोबोलस सेरेब्रॅलिसचं निम्मं आयुष्य गाळातल्या ट्युबिफेक्स कृमीत जातं, हे वुल्फ आणि मार्किव यांनी १९८४ मध्ये दाखवलं. कृमीतला तीन लांब फाट्यांचा बीजाणू तोवर चक्क वेगळ्या वर्गात मोडत होता. आता अशा जोड्या जनुकक्रमावरून लावता येतात. मासे आणि कृमी महिनोन्‌महिने सांभाळत बसावं लागत नाही.

१९९४ मध्ये याच १८एसने मिक्सोझोआंना एकपेशीयांतून उचलून बहुपेशीय प्राण्यांत आणलं, आणि पुढे ते जेलीफिश-प्रवाळांचे भाऊबंद ठरले. गंमत अशी की कुपीतला धागा जेलीफिशच्या दंशपेशीसारखा आहे, हे वील यांनी १९३८ मध्येच म्हटलं होतं. डोळा तिथे चुकला नव्हता. त्याचं कोणी ऐकलं नाही, इतकंच.

त्यामुळे क्रम हाती आला म्हणून मी मायक्रोस्कोप झाकून ठेवत नाही. एकाच कल्ल्यात दोन जाती नांदत असल्या तर क्रमवाचनाच्या आलेखात एका जागी दोन शिखरं उठतात आणि वाचन फसतं. जेनबँक या जनुकक्रमांच्या साठ्यात ९८ टक्के जुळलं तरी तिथलं नाव कोणीतरी बीजाणू पाहूनच दिलेलं असतं. ते कशावरून, हे तपासावं लागतं. म्हणून कल्ल्यावरच्या कणाचा निम्मा भाग अल्कोहोलमध्ये, निम्मा काचपट्टीवर. आधी मोजमाप आणि फोटो, मगच डीएनए. कारण एकदा नळीत विरघळलेला बीजाणू पुन्हा मोजता येत नाही.