स्टिअरिंग नको, आधी ब्रेक घे

त्र्यंबकेश्वर

चि. छकुलीस,


साठवलेल्या पैशांतून सिम्युलेटरला आणखी ताकदीचं स्टिअरिंग घ्यायचं तुझ्या मनात आहे, कारण आत्ताचं खऱ्या फॉर्म्युला गाडीसारखं जड लागत नाही, असं तुझी आई सांगत होती. आज हाच हिशेब तुझ्यासारखी कितीतरी मुलं करत असतील, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. गॅरेजमध्ये आयुष्य गेलेल्या मामाचं म्हणणं एवढंच आहे की, टायरची खबर ड्रायव्हरपर्यंत पोचली तरच सिम्युलेटर खरा.

जडपणाचं तुझं म्हणणं खोटं नाही. फॉर्म्युला टूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसतं. मुंबईच्या जेहान दारूवालाने डिसेंबर २०२० मध्ये साखीरला शर्यत जिंकली आणि एफआयए फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, तेही अशाच गाडीत, दंडाच्या जोरावर. पण त्या जडपणात निरोप असतो. वळणावर पुढचे टायर स्वतःहून सरळ व्हायला बघतात, तो जोर हातात येतो. पकड संपायच्या जरा आधीच हा जोर उतरू लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. त्या हलकेपणावर ड्रायव्हर सावध होतो. फोर्स फीडबॅक, म्हणजे सिम्युलेटरच्या स्टिअरिंगची मोटर हाताला देते तो जोर, भरमसाट वाढवलास तर मोटर लवकरच आपल्या कमाल ताकदीला टेकते. त्यापुढचे लहानमोठे सगळे जोर हाताला सारखेच लागतात आणि इशारा बुडतो. तेव्हा आधी आहे त्याच स्टिअरिंगचा जोर कमी करून बघ. घरच्या मोटारीसारखं ते ९०० अंश फिरू देऊ नकोस. फॉर्म्युला गाडी थोड्याशा वळवण्यात वळते, हात जागचे सुटत नाहीत.

पैसे घालायचेच तर ब्रेकवर घाल. पुढच्या-मागच्या पंखांवरून जाणारी हवा गाडीला रस्त्यावर दाबते, आणि हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. त्यामुळे सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिला ब्रेक पूर्ण ताकदीने लागतो आणि वेग उतरेल तसा पाय सोडत जावा लागतो. तसाच दाबून धरला तर चाकं लॉक होतात. रेसिंगच्या या गाड्यांत ब्रेकला सहसा बूस्टर नसतो. पेडल जेमतेम हलतं, पाय शिकतो तो जोर ओळखायला. स्वस्त पेडल किती खाली गेलं एवढंच मोजतं. लोड सेलचं पेडल किती जोराने दाबलं ते मोजतं. पायाची खरी सवय त्याच्यावरच लागेल.

पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोनही नीट लाव. पडदा केवढा आणि तू किती लांब बसतेस, त्यावरून तो ठरतो. चुकला की वेगाचा आणि अंतराचा अंदाज चुकतो, आणि तू ब्रेकची जागा शोधत बसतेस.

इतकं करूनही एक गोष्ट खोलीत मिळणार नाही. आपल्याकडच्या पावसात जव्हारच्या रस्त्यावर मागचं चाक सरकलं, तर ते डोळ्यांआधी कमरेला कळतं. खुर्ची जागची हलत नाही, म्हणून सिम्युलेटरवर गाडी सुटल्याचं उशिरा कळतं. तिथे गाडी गरकन फिरली म्हणून स्वतःला कच्ची समजू नकोस. भीतीही तिथे नसते. बटण दाबलं की मोडलेली गाडी पुन्हा उभी राहते.

म्हणून पुढची पायरी खोलीबाहेर आहे. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला एलजीबीच्या शर्यती होतात. त्या गाड्यांना मारुती स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन असतं. फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धाही तिथेच भरते. मुलं स्वतः गाडी बांधून आणतात, आणि सोमय्या, आयआयटी मुंबई यांसारख्या आपल्या कॉलेजांचे संघ या क्षेत्रात वर्षानुवर्षं आहेत. इंजिनिअरिंगला गेलीस की पहिल्याच महिन्यात अशा संघाचं दार ठोठाव. सस्पेन्शनचा एक नट स्वतः पिळून त्याचा परिणाम स्टिअरिंगमध्ये जाणवला, की सिम्युलेटरमध्ये काय खरं आणि काय नुसती थरथर, हे तुझं तुलाच कळेल.

तोवर सराव चालू ठेव. मात्र खोलीत शिकलेला वेग नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर कधीही काढू नकोस. एवढा शब्द मला दे.

तुझा,
मामा