न्हाणीघरातील आधार

दोन वर्षांपूर्वी सोलापुरातील एका नव्या घराला आशीर्वाद देताना न्हाणीघरातील चकाकत्या फरशीचे मी मनापासून कौतुक केले होते. पुढच्याच पावसाळ्यात त्या घरातील आजी तेथे घसरल्या. हाताशी आलेला टॉवेलचा दांडा भिंतीतून निखळला. खुब्याचे हाड मोडले. आतून कडी असल्यामुळे दार फोडावे लागले. जुन्या घरातील खडबडीत शहाबादी फरशीवर त्यांचा पाय कधी सरकला नव्हता.

पवित्र कम्युनियन घेऊन गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, सुनेला हाक मारायची लाज वाटली."

उपाय अल्पमोली होते. नुसत्या गिलाव्यात नव्हे, तर विटेच्या भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, न सरकणारी रबरी चटई, बसून स्नान करण्यासाठी न डगमगणारे स्टूल, रात्रभर तेवणारा लहान दिवा, बाहेरूनही उघडणारी कडी. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून भरून ठेवलेली पिंपे वाटेतून हलवावीत. साबणाचा बुळबुळीतपणा नित्य घासून काढावा.

वृद्ध माणूस संकोचाने आधार मागत नाही. तो मागण्यापूर्वीच भिंतीवर असावा. आता घराला आशीर्वाद देताना मी न्हाणीघरातील दांडा हलवून पाहतो.