हॅलो, कुणी ऐकतंय का?

या वीकएण्डला काय प्लॅन? मॉल, मल्टिप्लेक्स आणि पुन्हा तेच कॉफी शॉप? त्यापेक्षा डिसेंबरातली एक रात्र गाडीत काढा आणि सकाळी यवतमाळला उतरा. हवेत मस्त गारठा असतो आणि शहराबाहेर पडलात की सागाच्या टेकड्या सुरू होतात. दमछाक करणारा ट्रेक अजिबात नाही. गुरांच्या पायवाटेनं अर्धा तास चढलं की झालं!

आम्ही चौघं चढलो ते मात्र सूर्योदय बघायला नाही. मित्राच्या सॅकमध्ये रेडिओ सेट होते, बारा व्होल्टची बॅटरी होती आणि वीस मीटर तार. तो ‘हॅम’ आहे, म्हणजे सरकारी परवाना असलेला हौशी रेडिओ ऑपरेटर. तार दोन झाडांमध्ये ताणली, झाला अँटेना.

‘‘तार कायची बांधून रायले जी भाऊ?’’ एका गुराखीकाकांनी विचारलं.

‘‘रेडिओची, काका.’’

‘‘मंग गाणे कुठी हायेत?’’

गाणी नव्हती. नुसती खरखर होती. पण थंडीत ही खरखरही कमी असते, कारण विजांचा कडकडाट नसतो. शिवाय हिवाळी पहाटे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असे थर बसतात. त्यांच्यामुळे छोट्या लहरी वाकून नेहमीपेक्षा लांब जातात. आसपासच्या जमिनीपासून शंभर मीटर उंचावर उभं राहिलं, तर या लहरींचं क्षितिज साधारण चाळीस किलोमीटरवर असतं. म्हणून टेकडी हवी!

पाच वॅटच्या हँडसेटवर वर्ध्याकडचा एक आवाज आला. मग तारेवरून सात मेगाहर्ट्झवर थेट हैदराबाद! ना टॉवर, ना रिचार्ज. आमच्या मोबाइलला तेव्हा एकही दांडी नव्हती.

मग मित्रानं दक्षिणेला, महागाव-उमरखेडच्या दिशेनं हाका मारायला सुरुवात केली. तासभर झाला, उत्तर नाही. आम्ही कंटाळलो. तो मात्र वहीत वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहीत राहिला.

‘‘कशाला एवढं?’’ मी विचारलं.

‘‘२०२३ च्या जुलैत तिकडे पूर आला होता. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं अडकली, हवाई दलाला बोलवावं लागलं. पुन्हा तशी वेळ आली आणि टॉवर पडले, तर कुठल्या टेकडीवरून कुठे आवाज पोहोचतो, हे आधीच माहीत नको?’’

मग त्यानं भारती प्रसाद यांची गोष्ट सांगितली. २००४ च्या डिसेंबरात त्या पोर्ट ब्लेअरहून हौसेनं जगभरच्या हॅम्सशी बोलत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि हौसेच्या त्याच सेटवरून लोकांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले.

उतरताना मी विचारलं, ‘‘दक्षिणेचं काय? टेकडी चुकली का?’’

‘‘असेलही. किंवा तिकडे ऐकायलाच कुणी नसेल.’’

हे मात्र डोक्यात राहिलं. सेट विकत मिळतो, टेकडी फुकट आहे. पण पलीकडे माणूस लागतो. परत आल्यावर पहिलं काम केलं ते परीक्षेची माहिती काढण्याचं.

तुम्हालाही जायचंय? दूरसंचार विभागाची परीक्षा बारा वर्षांवरच्या कुणालाही देता येते. परवान्याशिवाय मात्र सेटवर बोलायचं नाही. आणि हो, वनजमिनीवर जाण्याआधी वन विभागाची परवानगी घ्याच. या जिल्ह्यात वाघ आहेत!