अंगठा लागत नाही!

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकून एस. टी. तोरंगण घाट उतरू लागली, की खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, पण डोळे मात्र उघडे ठेवा. पावसाळ्यात इथे डोंगराच्या अंगाखांद्यावर नागली आणि वरईची हिरवी शेतं दिसतात. उतार इतके उभे, की बैल कसा चालत असेल, असा प्रश्न पडावा. पुष्कळ ठिकाणी तो चालतच नाही. तिथे माणूसच कुदळ घेऊन चढतो.

हा मोखाडा तालुका. आणखी पुढे गेलात, की जव्हार. सर्वांत आधी तुम्हाला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा दाखवतील, मग हनुमान पॉइंट, मग दाभोसा धबधबा. शिरपामाळही दाखवतील. सुरतेच्या स्वारीवर जाताना, 1664 साली, शिवाजी महाराज इथे थांबले होते, असं सांगतात. महादेव कोळी राजांचं हे संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. 2014 पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. सगळं पाहा. मी मात्र आज तुम्हाला एका रेशनच्या दुकानात नेणार आहे. तिथे बघण्यासारखं काय, असं म्हणू नका.

मी या भागातल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली, तरी चौथीतली एक मुलगी दारातच उभी. म्हणाली, "गुरुजी, आजीचा अंगठा लागत नाय. दोनदा जाऊन आलो. तुम्ही चला ना."

तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. इथली कितीतरी कुटुंबं अशी जातात. भाताची कापणी झाली, की गावात काम नसतं. घरी राहिल्या या दोघी आणि एक शेळी. महिना संपायला दोन दिवस उरले होते. त्यांचं कार्ड अंत्योदयचं, म्हणजे महिन्याला 35 किलो धान्य. ते हातचं गेलं तर काय, हे त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आम्ही तिघं निघालो. दुकानदाराने मशीन पुढे केलं. आजीने उजवा अंगठा ठेवला. मशीनने नकार दिला. डावा ठेवला. पुन्हा नकार. मग डोंगराआड रेंज गेली, ती यायला वीस मिनिटं लागली. दुसरा उपाय म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. पण तो जायचा मुलाच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. दुकानदार वैतागून म्हणाला, "आजी, मी तुम्हाला ओळखतो हो, पण हे मशीन ओळखत नाही ना!"

आजी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. "गुरुजी, माझा आंगठा गेला कुठं?"

मुलांनो, अंगठा खरंच कुठे गेला होता?

आपल्या बोटांवरच्या बारीक उंच रेषा आईच्या पोटातच तयार होतात, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत. जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. मशीनच्या काचेखालून उजेड पडतो. रेषेचा उंचवटा काचेला टेकतो तिथे काळी खूण उमटते. दोन रेषांमधल्या खाचेत हवा असते, तिथून उजेड परत फिरतो. आता विचार करा. आजीने जन्मभर कुदळ धरली, आवणीच्या चिखलात हात घातले, कित्येक हिवाळे विटा उचलल्या. उंचवटेच झिजले. उरलेली कातडी कोरडी, भेगाळलेली. ती काचेला नीट टेकणार कशी?

बरं, हे फक्त आपल्या डोंगरातच घडतं असंही नाही. अमेरिकेने 2004 पासून विमानतळावर परदेशी पाहुण्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. सिंगापूरचा एक वयस्क रुग्ण तिथे उतरला, तर त्याचे ठसेच उमटेनात! कर्करोगावरच्या गोळ्यांमुळे त्याच्या बोटांची साल निघून रेषा पुसल्या गेल्या होत्या. त्याला तासन्‌तास अडकवून ठेवलं. त्याच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये ही हकिकत वैद्यकीय मासिकात छापली. काही थोड्या घराण्यांत तर जन्मतःच रेषा नसतात. स्वित्झर्लंडच्या अशाच एका बाईंची अमेरिकेत अडवणूक झाली, म्हणून डॉक्टरांनी त्या विकाराला गमतीने 'विमानतळावर उशीर होण्याचा रोग' असं नावच देऊन टाकलं.

गंमत अशी, की कागदोपत्री ठसा घेण्याची ही रीत आपल्याच देशात वाढली. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराचा अख्खा पंजा करारावर उमटवून घेतला. आणि पहिला आधार क्रमांक दिला गेला तो 29 सप्टेंबर 2010 रोजी, आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. तुमच्यापैकी ज्यांचं आधार अगदी लहानपणी निघालं, त्यांचे ठसे तेव्हा घेतलेच नव्हते. ते पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यायचे असतात. दिलेत ना? घरी विचारा.

मशीन वाईट आहे, असं मी म्हणत नाही. त्यामुळे खोट्या नावांवर धान्य उचलणं अवघड झालं. पण जिने सर्वांत जास्त कष्ट केले, तिचीच ओळख सर्वांत आधी पुसली जावी, हे काही मला पटत नाही.

शेवटी नातीनेच युक्ती केली. आजीचे हात धुतले, पदराने पुसले, दुकानातल्या बाटलीतलं थेंबभर खोबरेल चोळून पुन्हा पुसलं. "आता दुसरी बोटं लावून बघू." तर्जनी, मधलं बोट, अनामिका... काही नाही. डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि मशीन बोललं! कुदळ धरताना करंगळीवर भार कमी येतो, म्हणून तिच्या रेषा टिकल्या असाव्यात. दुकानदारच आमच्याआधी हसला.

सोमवारी शाळेत आम्ही शाईचा पॅड काढला. प्रत्येकाने दहाही बोटांचे ठसे कागदावर उमटवले आणि भिंगातून पाहिले: कुणाचे शंख, कुणाचे चक्र. तुम्हीही करून बघा, मात्र तो कागद कुणा अनोळखी माणसाला देऊ नका. त्या मुलीने मधल्या सुट्टीत आजीलाही बोलावून आणलं. आजीचे अंगठे नुसते काळे डाग उठले. करंगळीवर मात्र बारीक रेषांची एक नीट कमान होती.

मुलीने तो कागद घरी नेला. ठशाखाली ठळक अक्षरांत लिहिलं, "आजी, डावी करंगळी", आणि पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या आत घडी करून ठेवला.