चाकांवरचे घर आणि भावाचे दार

नाताळ सरला, तीन राजांचा सण आटोपला, म्हणजे आपल्या गावांतून सोयऱ्याधायऱ्यांकडे जाण्यायेण्याचे दिवस सुरू होतात. कोठे लग्न असते, कोठे बाप्तिस्मा असतो. जे आप्त जवळ राहतात त्यांची भेट सहज घडते. जे दूर राहिले त्यांचे नाव मात्र सायंकाळच्या जपमाळेच्या अखेरीसच तेवढे घेतले जाते. नोकरीत असता रजा मिळत नाही, आणि वय फार झाले म्हणजे पाय चालत नाहीत. या दोहोंच्या मध्ये परमेश्वर जी थोडी वर्षे देतो त्यांत जुनी गावे पाहावी आणि दूरच्या आप्तांना भेटावे, या हेतूने आम्ही उभयता गेल्या जानेवारीत वसईहून निघालो. त्या प्रवासातील सुरतेजवळच्या पांडेसऱ्याचा मुक्काम वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या वाहनाविषयी आधी दोन शब्द लिहिले पाहिजेत. पाश्चात्त्य देशांत निवृत्त जोडपी चाकांवरचे घर घेऊन महिनेच्या महिने हिंडतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. आमची गाडी मात्र थाटाची नव्हे. एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची मागची आसने काढून तेथे दोन अरुंद पलंग, पाण्याची टाकी, एक शेगडी आणि भांड्यांची फळी बसविली, इतकेच. असा फेरबदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, हे ज्यांच्या मनात असा विचार असेल त्यांनी ध्यानात ठेवावे. आत समोरच्या बाजूस पवित्र मरियेची लहानशी तसबीर लावली आणि धर्मगुरूंच्या हस्ते गाडीस आशीर्वाद घेतला.

निघण्यापूर्वी आम्ही एक नियम ठरविला होता : जेवण आप्तांच्या घरी, अंथरूण आपल्या गाडीत. त्यामागे कारण होते. आपली बहुतेक माणसे शहरांतून एकदोन खोल्यांत राहतात. पाहुणा आला की घरातील म्हाताऱ्याने ओट्यावर निजावे आणि मुलांनी शेजाऱ्याकडे जावे, असे घडते. आपल्या येण्याने कोणाची झोप मोडू नये, हा आमचा हेतू. हा नियम पांडेसऱ्यात कसा मोडला, हीच या लेखाची मुख्य गोष्ट आहे.

पहिली रात्र तलासरीस काढली. लग्नापूर्वी आमच्या घरची मंडळी तेथे दोन वर्षे शिक्षिका होती. तिच्या वर्गातील एक वारली मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. तिने अंगणात गाडी उभी करू दिली, आणि सकाळी तांदळाची भाकरी व माशाचे कालवण समोर ठेवले. तेथून अच्छाडची सीमा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरे बदलतात. दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका, पूर्णा अशा नद्या एकामागून एक मागे पडतात. चिखलीच्या आसपास आंब्याच्या व चिकूच्या वाड्या पाहून वसईच्या माणसास परके वाटत नाही. नवसारीहून सचिनमार्गे सुरतेचा जुना रस्ता धरला, की भेस्तान येते आणि त्याला लागूनच पांडेसरा.

पांडेसरा हे मूळचे चोऱ्यासी तालुक्यातील खेडे. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे उभी राहिली आणि कापडास रंग देणाऱ्या व त्यावर छपाई करणाऱ्या गिरण्यांनी हा भाग भरून गेला. सुरतेच्या मागांवर विणलेले कोरे कापड, ज्यास येथे 'ग्रे' म्हणतात, ते या गिरण्यांत येते. ते धुतात, मोठ्या बंद यंत्रांत दाबाखाली उकळत्या रंगात फिरवितात, छापतात, वाफ देतात, पुन्हा धुतात, आणि शेवटी स्टेंटरवर दोन्ही काठांस धरून ताणीत गरम हवेतून नेतात. आपल्या गावच्या बाजारात जी हलकी, फुलांची, धुण्यास सोपी साडी मिळते तिने बहुधा हा प्रवास केलेला असतो.

येथे कामास आलेली माणसे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील आहेत, उत्तर प्रदेश व बिहारमधील आहेत, आणि फार मोठ्या संख्येने आपल्या खानदेशातील आहेत. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणारा लोहमार्ग सव्वाशे वर्षांचा जुना. धुळे-नंदुरबारच्या कोरडवाहू शेतकऱ्यास पुणे-मुंबईपेक्षा सुरतच जवळची. म्हणून उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या भागांत बाजारात अहिराणी कानी पडते. आखाजीस मुली माहेरी जातात तेव्हा खानदेशाकडच्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालविते. इतक्या भाषांत एकाच गावच्या मुलांनी बाराखडी गिरवावी, हे दृश्य भारतात फार ठिकाणी दिसत नाही.

आम्ही येथे १९८६ पासून १९९९ पर्यंत राहिलो. एका गिरणीच्या हिशेबखात्यात आम्हांस नोकरी होती. दोन वर्षांनी धाकट्या भावास आम्हीच बोलावून घेतले, आणि तो स्टेंटरवर लागला. पुढे आम्ही वसईस परतलो. त्याचा संसार येथेच रुजला.

ज्या चाळीत आमचे बिऱ्हाड होते तिच्या जागी आता चार मजली इमारत आहे. ज्या शेताच्या बांधावर मुले पतंग उडवीत, तेथे गोदामे आहेत. १९९१ च्या जनगणनेत सुरत महानगराची वस्ती सुमारे १५ लाख होती. २०११ साली ती ४४ लाखांवर गेली. अशा वाढीत आपले जुने दार शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? तथापि नाकाने गाव ओळखले. ओल्या कापडाची वाफ, रंगाचा उग्र दर्प आणि कोळशाचा धूर ही पांडेसऱ्याची खूण आजही आहे.

एक गोष्ट मात्र निश्चित पालटली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. आम्ही मुलांना वसईस धाडले. आमचा भाऊ राहिला. शेजारच्या सात खोल्यांच्या किल्ल्या लोक त्याच्या हाती देऊन गेले होते; तो दररोज संध्याकाळी प्रत्येक खोलीपुढे दिवा लावी. साथ ओसरल्यावर, १९९५ पासून, आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची सफाई इतक्या कसोशीने झाली की तिचे नाव देशभर झाले. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. ज्या गल्लीत आम्ही विटांवर पाय देऊन चालत असू तेथे आता फरसबंदी आहे.

असो. आता भावाकडे वळतो. गेली नऊ वर्षे तो वसईस आला नव्हता. पत्रे, पुढे फोन, सर्व चालू होते. आमंत्रण दिले की "येईन" म्हणे, आणि सणाच्या आदल्या दिवशी काही अडचण सांगे. घरात कुजबुज होई की शहरात राहून त्यास गावाची ओढ राहिली नाही. त्या संशयाचा काटा मनात घेऊनच आम्ही त्याच्या दारी गेलो.

त्याचे घर म्हणजे दहा फूट लांब व बारा फूट रुंद अशी एक खोली, आणि मागे मोरीइतके स्वयंपाकघर. त्यात तो, त्याची पत्नी, मुलगा, सून व एक नातू. गाडी चाळीपुढच्या मोकळ्या जागेत चाळकऱ्यांच्या अनुमतीने उभी केली. पाच मिनिटांत मुलांचा घोळका जमला. 'फरतुं घर, फरतुं घर' असा गलका झाला. आम्ही आणलेली सुकेळी वाटली. वहिनींनी पोंक आणला होता. ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांचा हा हुरडा सुरतेस जानेवारीत घरोघर असतो. जेवण झाले, जपमाळ झाली, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही गाडीकडे जाण्यास उठलो.

तेव्हा भावाची मान खाली गेली. तो काही बोलला नाही. वहिनीच म्हणाल्या, "दादा, गाडीला कुलूप लावा. भावाचं घर असताना रस्त्यावर निजलात, तर उद्या चाळीत आम्ही तोंड कसं दाखवायचं?"

आम्ही क्षणभर घुटमळलो. आमच्या मंडळींनी मात्र काही न बोलता गाडीतील चादर आणली आणि खोलीत, सुनेच्या शेजारी, अंथरली.

त्या रात्री सातजण त्या खोलीत निजलो. पुरुष दाराकडे, बायका चुलीकडे. कूस बदलावयाची तर शेजाऱ्यास जाग येई. दूरवर गिरणीची रात्रपाळी चालू होती. अंधारात, बऱ्याच वेळाने, भाऊ हळू आवाजात म्हणाला, "दादा, मला वसईला यावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण तुमच्याकडे आठ-आठ दिवस राहायचं, आणि तुम्हाला इथं एक रात्र ठेवून घ्यायला जागा नाही. ज्याला बोलावता येत नाही, त्याने जावं कुठल्या तोंडानं?"

नऊ वर्षांचे कोडे एवढेच होते. त्यात ना मान-अपमान होता, ना दुरावा. खोली लहान होती, आणि माणूस मानी होता.

रविवारी सर्वजण शहरातील चर्चमध्ये मिस्सास गेलो. सुरत बडोदा धर्मप्रांतात मोडते. उपासना गुजरातीत झाली. शब्द वेगळे, परंतु कोठे उठावे, कोठे गुडघे टेकावे, हे कोणास विचारावे लागले नाही. सुरतेतील ख्रिस्ती उपासनेची परंपरा फार जुनी आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा फादर अँब्रोज या कापुचिन धर्मगुरूंच्या निवासास त्यांच्या सैन्याने हात लावला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने नमूद केले आहे. संपत्तीच्या शोधात आलेल्या सैन्यानेही एक दार मानाने सोडले, ही गोष्ट आपण महाराष्ट्रीय ख्रिस्ती जनांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

गुजरातचाच आणखी एक दाखला या ठिकाणी आठवतो. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गणित शिकविणारे फादर वालेस जन्माने स्पॅनिश. परंतु गुजरातीत त्यांनी लिहिलेले निबंध घरोघर वाचले गेले. १९७० च्या दशकात त्यांनी आपला मठातील निवास सोडला, आणि कित्येक वर्षे ते जुन्या शहरातील पोळांमधून घरोघर पाहुणे म्हणून राहिले. एका कुटुंबात काही दिवस, मग पुढच्या दारी. जे ताटात येईल ते खावे, जेथे जागा मिळेल तेथे निजावे, आणि सकाळी सायकलीवर बसून महाविद्यालयात शिकवावयास जावे. २०२० साली ते निवर्तले. लोकांनी त्यांच्यावर जे प्रेम केले त्याचे कारण त्यांच्या विद्वत्तेइतकेच या पाहुणपणात आहे. देणारे पुष्कळ भेटतात. आपल्या गरीब घरातील काही मागून घेणारा थोर मनुष्य क्वचित भेटतो.

प्रभू येशूनेही शिष्यांना पाठविताना थैली व शिदोरी बरोबर घेऊ दिली नाही. ज्या घरी स्वीकार होईल तेथे राहावे व पुढे वाढले जाईल ते खावे, असे सांगितले. जक्कयास त्याने उपदेश करण्यापूर्वी त्याच्या घरी उतरण्याचा मानस कळविला. या वचनांचा अर्थ त्या खोलीत आम्हांस अधिक उमगला. जो सर्व काही बरोबर नेतो त्यास कोणाची गरज उरत नाही. आणि ज्यास कोणाची गरज नाही, त्यास दार उघडण्याचा आनंद कोणास मिळणार?

याचा अर्थ चाकांवरचे घर वाईट, असा नव्हे. त्याच्याचमुळे आम्हांस लांबचा रस्ता घडला, औषधे व पथ्य सांभाळता आले. आजारी अथवा बाळंतीण असलेल्या घरी गाडीतच निजणे हाच पुढेही आमचा शिरस्ता राहील. परंतु जेथे यजमानाचे मन अंथरूण घालून वाट पाहत आहे, तेथे गाडीस कुलूप लावावे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, भाऊ, बहिणी आज अशा औद्योगिक वस्त्यांतून लहान खोल्यांत राहतात. ती सणास येत नाहीत म्हणून त्यांच्यावर रुसण्यापूर्वी एकदा आपण त्यांच्याकडे जावे, आणि एक रात्र तरी त्यांच्या जमिनीवर निजावे. त्यास चाकांवरचे घर लागत नाही. उधन्याचे वा सुरतेचे तिकीट पुरते.

तिसऱ्या दिवशी, उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी, निघालो. पतंगांनी आकाश भरले होते. वहिनींनी गाडीच्या फळीवर पोंकाची पिशवी ठेवली. भावाने गाडीत शिरून दोन्ही पलंग हाताने दाबून पाहिले, नातवास एकावर बसविले, आणि म्हणाला, "परतताना इकडूनच जा. पुनरुत्थानाच्या सणाला आम्ही पाचजण येतोय."