हजेरीपटावर नसलेला माणूस

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. आमच्या भागात घरटी एक फौजी याचं नवल कुणाला नाही. त्याच गावांमधून ट्रकवर गेलेली माणसंही थोडी नाहीत. त्यांच्या नावाचा दगड मला कुठल्या वेशीवर दिसलेला नाही.

आमच्या घरात दोन्ही होतं. थोरले चुलते, आप्पा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत. धाकटे तात्या दहाचाकी ट्रकवर. दिवाळीला दोघांपैकी कोण घरी असेल हे आजीला कधी सांगता आलं नाही. आप्पा मात्र कुठेही असले तरी कुणाच्या तरी हजेरीपटावर असत. सकाळी फॉल-इन, संध्याकाळी रोल कॉल. ताप आला तर एमआय रूम, ठरलेली रजा, पंधरा वर्षं भरली की पेन्शन. सीमेवरचा धोका खराच, आणि त्यापुढे कुठल्याही नोकरीचं नाव घेताना मला संकोच वाटतो. पण जवान जखमी झाला तर त्याला उचलून आणायला पलटण जिवाची बाजी लावते.

तात्यांच्या मागे कुणी नव्हतं. खंबाटकी घाट असो की कसारा, गाडी बंद पडली की मालकाचा फोन यायचा आणि प्रश्न एकच असायचा: माल कधी पोचणार? भत्त्यातूनच जेवण, ढाब्याच्या बाजेवर झोप, तीही डिझेल चोरीला जाईल या धास्तीत अर्धवट. पन्नाशीत गुडघे आणि पाठ गेली, तेव्हा हातात ना फंड होता ना पेन्शन.

ही काही कायद्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट नाही. चालकाचं काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८, हे १९६१च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने ठरवलं होतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातल्या ९१व्या कलमाने तेच बंधन मालवाहू गाड्यांच्या चालकांना लावलं. तात्यांनी हे तास कधी पाहिले नाहीत. रात्रभर गाडी हाकून डोळ्यांवर झापड आली की ते तोंडावर पाणी मारायचे आणि पुन्हा स्टिअरिंग धरायचे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतली किती अशा झोपेने नेली, हा विचार मला सोडत नाही.

आणि फौजेचं तरी ट्रकवाल्यावाचून कुठे भागतं? १९६५च्या युद्धात पंजाबातले साधे ट्रकचालक दारूगोळा घेऊन आघाडीपर्यंत गेले होते. आजही लडाखच्या हिवाळ्याची बेगमी करताना लष्कर भाड्याचे ट्रक घेतं. साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी लातून पीठ, डाळ, रॉकेल वर चढवणारा तो माणूस गणवेशात नसतो. जानेवारी २०२४ मध्ये अपघाताच्या नव्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा एका दिवसात आपल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. एरवी कुणाला त्यांची आठवण येते?

आता तर दोन्ही वाटा एकमेकींना मिळू लागल्यात. २०२२च्या अग्निपथ योजनेत भरती झालेला पोरगा चार वर्षांनी घरी येतो. चौघांतला एक फार तर कायम होतो. उरलेल्यांच्या हाती एक ठोक रक्कम येते, पेन्शन नाही. पंचविशीच्या आतबाहेरची ही मुलं शिस्तीची, अंगाने काटक, कष्टाला न भिणारी. त्यांतली कित्येक ट्रकच्या केबिनमध्ये बसतील.

ट्रकमालकांना आणि त्यांच्याकडून माल मागवणाऱ्या कारखानदारांना माझं एवढंच सांगणं आहे: या पोरांच्या हाती किल्ली देण्याआधी त्यांची रात्रीची झोप, पगारी रजा आणि दवाखान्याचा खर्च कागदावर लिहून द्या. लांबच्या खेपेला दुसरा चालक द्या. त्याचा खर्च भाड्यात धरा. तो देण्याची आम्हा गिऱ्हाइकांचीही तयारी हवी.